गांजाचे पीक आणि मजुरांची निवड : खांडवा ते मेळघाट

कोणत्याही धंद्यात माणूस कामावर घेताना मालक त्याचे कौशल्य, त्याचा दर आणि त्याचा भरवसा या तीन गोष्टी पाहतो. गांजाच्या धंद्यात या तिहींच्या आधी शासनाचा परवाना उभा राहतो. परवाना असल्यास नोकरभरती हा व्यवहार ठरतो, नसल्यास तीच भरती अपराधाचे अंग बनते. काम मात्र दोन्हीकडे एकच असते. मजुराच्या दृष्टीने या भेदाचा अर्थ काय, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय होय.

प्रथम कामाचे स्वरूप ध्यानी घेतले पाहिजे. भांगेच्या वनस्पतीत नर आणि मादी ही झाडे सामान्यतः वेगवेगळी असतात. गांजा म्हणजे मादी झाडाचा राळयुक्त फुलोरा. परागसिंचन झाले की झाडाची शक्ती बियांकडे वळते आणि गांजा हीन प्रतीचा होतो. म्हणून नर झाडे पराग सुटण्यापूर्वीच उपटून टाकावी लागतात. फुलोरा स्पष्ट दिसू लागेपर्यंत थांबावे तर उशीर होतो, घाई करावी तर मादी झाडेच उपटली जातात. शिवाय एक नर झाड नजरेतून सुटले तर शेजाऱ्याच्या शेताचीही हानी होते. या कामाला राबणारे हात पुरेसे नसत. पारखी डोळा हवा असे.

बंगालमध्ये राजशाही जिल्ह्यातील नौगाव परिसरात या डोळ्याचा एक स्वतंत्र पेशाच निर्माण झाला होता. ‘पोद्दार’ किंवा ‘परखदार’ या नावाने ओळखला जाणारा जाणकार शेतकऱ्याकडून मजुरी घेऊन शेत फिरे आणि नर झाडे हुडकून काढी. हेमचंद्र केर यांच्या 1877 च्या अहवालात आणि पुढे भारतीय भांग-गांजा आयोगाच्या अहवालात या पेशाची नोंद आढळते. 1893 मध्ये नेमलेल्या या आयोगाचे अध्यक्ष डब्ल्यू. मॅकवर्थ यंग हे होते. सात सदस्यांपैकी तीन भारतीय होते आणि आयोगाने 1,193 साक्षीदारांचे म्हणणे घेतले. मादक पदार्थांच्या परिणामांची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या आयोगाने शेतातील कामाचेही इतके तपशीलवार वर्णन करावे, हे अभ्यासकांचे भाग्यच म्हणावयाचे.

मध्य प्रांतात ही लागवड निमाड जिल्ह्यातील खांडव्याच्या परिसरात परवान्याखाली एकवटली होती. वऱ्हाडच्या वाचकाला हे स्थळ दूरचे नाही. परतवाड्याहून निघालेला रस्ता सेमाडोह, हरिसाल, धारणी असा मेळघाट ओलांडून निमाडात उतरतो, आणि कोरकू लोकांची वस्ती या डोंगररांगेच्या दोन्ही अंगांना आहे. परवाना पद्धतीत सरकारचा संबंध परवानाधारकाशी असे. पीक कोणाचे व ते कोठे जाते, हे नोंदलेले असे. कामकऱ्याला कोण राबवतो, हा प्रश्न गुप्त राहत नसे. नौगावच्या गांजा उत्पादकांनी तर 1917 मध्ये आपली सहकारी संस्थाही स्थापन केली.

1985 च्या अमली पदार्थविषयक केंद्रीय कायद्याने ही चौकट पालटली. त्याच्या कलम 8 अन्वये गांजासाठी होणारी लागवड निषिद्ध ठरली. कलम 20 प्रमाणे विनापरवाना लागवडीस दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. येथे मजुराची स्थिती विशेष बिकट होते. कलम 35 नुसार न्यायालय आरोपीचा दोषयुक्त हेतू गृहीत धरते, आणि ‘मला ठाऊक नव्हते’ हे संशयातीत सिद्ध करण्याचा भार त्याच्यावरच पडतो. दुसऱ्या बाजूने, 1872 च्या करार कायद्याच्या कलम 23 प्रमाणे बेकायदा उद्देशाचा करार शून्यवत असल्यामुळे बुडालेली मजुरी मागण्यासही त्याला भक्कम आधार उरत नाही. मालकाने शब्द फिरवला तर दाद कोठे मागावयाची?

सेमाडोहसारख्या गावाच्या संदर्भात हा मुद्दा केवळ पुस्तकी राहत नाही. सिपना नदीकाठचे हे गाव व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रात असून मेळघाटातील अनेक कुटुंबे हंगामी मजुरीसाठी मैदानी मुलखात उतरतात आणि होळीला घरी परततात. अशी मजुरी पुष्कळदा मुकादमामार्फत ठरते. उचल आधी मिळते, शेत मागाहून दिसते, मालक कित्येकदा दिसतच नाही. तुरीच्या वा कपाशीच्या दाट पिकात आडोशाने लावलेली झाडे कोणाची, हे निंदणीस आलेल्या बाईने कसे सांगावे? कायद्याने बंदी घातली तेव्हा मालक पडद्याआड गेला; उघड्यावर राहिला तो मजूर.

परदेशात परवाना पद्धती नव्याने आली तेथे भरतीचे नियमही आले. कोलोरॅडोत 1 जानेवारी 2014 पासून उघड विक्री सुरू झाली, आणि तेथे या धंद्यातील कर्मचाऱ्यालाही राज्याचा परवाना काढावा लागतो. कॅनडात 2018 च्या कायद्यानंतर लागवडीच्या परवान्यासाठी मुख्य लागवडतज्ज्ञ आणि सुरक्षाप्रमुख नेमणे आवश्यक झाले. अशा जबाबदार पदांवरील व्यक्तींची शासकीय पडताळणी होते. सामान्य कामकऱ्याला तिची गरज सहसा पडत नाही. ही विभागणी समंजस वाटते, कारण तीत दायित्व अधिकाराच्या मागे जाते. कोलोरॅडोच्या पद्धतीत मात्र गरीब उमेदवाराला नोकरीच्या उंबरठ्यावरच शुल्क आणि चौकशी यांना तोंड द्यावे लागते.

भारतात 1985 च्या कायद्याचे कलम 14 तंतू व बी यांसाठी सरकारला लागवडीची मुभा देण्याचा अधिकार देते. उत्तराखंडाने 2018 मध्ये त्याखाली परवाना दिला. तेथे मादक द्रव्याचे प्रमाण 0.3 टक्क्यांच्या आत असावे लागते. महाराष्ट्रात कधी असा विचार झाला तर जुना परखदार मात्र उपयोगी पडणार नाही. बियांसाठी नर झाडे राखावी लागतात आणि राळ वाढणे हा तेथे दोष ठरतो. त्याच्या जागी नमुने घेऊन प्रयोगशाळेत धाडणारा सहायक, तसेच ताट भिजवणे, कुजवणे व साल सोलणे ही अंबाडीच्या कामाशी मिळतीजुळती कामे जाणणारी माणसे लागतील. ही कामे कापणीनंतरची, म्हणजे बहुधा वऱ्हाडात कापूसवेचणी चालू असतानाची. तेव्हा मजुरीचा दर वेचणीच्या दराशी स्पर्धा करणारा ठेवावा लागेल, आणि मुकादमाच्या वहीऐवजी परवान्याचा क्रमांक व मालकाचे नाव असलेला हजेरीपट मजुराच्या हाती द्यावा लागेल.