पाळकाचा अधिकार येतो कुठून?

जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, 93 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली तेव्हा ‘धर्मगुरू कशाला?’ अशी ओरड झाली, धमक्याही आल्या. पाठीच्या दुखण्याने बेजार असतानाही फादर आले आणि लेखकांनी गप्प बसू नये, हे ठणकावून सांगून गेले. ते बिशप नव्हते. हरित वसईसाठी दिलेली झुंज, ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन आणि ‘सुबोध बायबल’ ही त्यांची कमाई.

पदाविना मिळणारा असा अधिकार मराठी ख्रिस्ती परंपरेत नवा नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये अमेरिकन मिशनची नोकरी आणि पगार सोडला, संन्यास घेतला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा करायला घेतला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. दोनच वर्षांनी, 1919 मध्ये, ते गेले. दरबार अपुरा राहिला, तरी मंडळ्यांमधून आजही त्यांचीच भजने ऐकू येतात.

पंडिता रमाबाईंनी तर अधिकाराला तोंडावर जाब विचारला. इंग्लंडात असताना त्यांनी पुरुषांना शिकवू नये, असा बिशपांचा आग्रह होता. रमाबाईंनी तो मानला नाही. मात्र त्याच बाई केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वर्षानुवर्षे हिब्रू-ग्रीक घेऊन बसल्या, साध्या बायकांना कळेल असे बायबल व्हावे म्हणून. त्याचे खिळे जुळवले आश्रमातल्याच मुलींनी. माझ्या मते नम्रता ती हीच: वरच्यापुढे ताठ, खालच्यासाठी वाकलेली.

नांदेड-लातूरकडे पाहताना हे आठवते. दोन्ही जिल्हे 1977 मध्ये स्थापन झालेल्या कॅथलिक औरंगाबाद धर्मप्रांतात येतात; मेथडिस्ट आणि स्वतंत्र मंडळ्याही आहेत. इथला बहुसंख्य ख्रिस्ती माणूस दलित, कष्टकरी घरातला. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ख्रिस्ती दलिताला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. मग मिशनची शाळा, वसतिगृह, पाळकाची चिठ्ठी हाच त्याचा आधार. ज्याच्या हाती ती चिठ्ठी, त्याच्यापुढे मान आपोआप झुकते. स्वतंत्र मंडळ्यांत तर पुष्कळदा संस्थापक पास्टरच पंच आणि तोच खजिनदार.

पवित्र गुरुवारी कॅथलिक मंदिरात पाय धुण्याच्या विधीसाठी बारा जण चपला काढून बसतात. फादर गुडघे टेकतात, भेगाळलेल्या टाचांवर तांब्याने पाणी घालतात, टॉवेलने पुसतात. 2016 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी या विधीत स्त्रियांनाही अधिकृत स्थान दिले. विधी देखणा आहे, पण वर्षातून एकदाच होतो.

म्हणून मंडळीतल्या बंधुभगिनींना विनंती: वर्षाचा जमाखर्च दारावर लावायला सांगा, पंच कमिटीत बायकांना बसवा आणि पाळकाला प्रश्न विचारणाऱ्याला अविश्वासी ठरवू नका.