अंगणासाठी जलपिंपळी
थाइमचा फुललेला गालिचा अंगणात अंथरायची हौस भंडाऱ्यात पुरवणं कठीण. त्याला थंड हवा आणि उत्तम निचरा लागतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांजवळ जातो, आणि धानाच्या चिकण मातीत पावसाळाभर पाणी साचून मुळं कुजतात. त्यापेक्षा मामा तलावांच्या काठी, बांध्यांच्या धुऱ्यांवर आपसूक पसरणारी जलपिंपळी आणा. जमिनीलगत सरपटणाऱ्या तिच्या खोडाला पेरापेराला मुळं फुटतात. बोटाच्या पेराहून लहान, जांभळट बोंडाभोवती इवल्या पांढऱ्या-गुलाबी फुलांचं कडं उमलतं. मधमाश्या, फुलपाखरं त्यावर हमखास येतात. मृगाच्या सरींनंतर मुळं फुटलेले तुकडे वीतभर अंतरावर लावावेत. फुलझाडांच्या वाफ्यांना मात्र विटांची कड हवीच, नाहीतर ती आत शिरते.