मुक्या चित्रांस वाचा

१९६९ च्या जुलैंत अपोलो ११ हें यान चंद्राकडे निघालें, तेव्हां उड्डाणाचें चित्रण ६५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवरहि झालें होतें. हीं रिळें अमेरिकेच्या राष्ट्रीय दप्तरखान्यांत जवळजवळ अर्धें शतक पडून होतीं. टॉड डग्लस मिलर या दिग्दर्शकानें चौकशी चालविली, तेव्हां तीं उजेडांत आलीं. न्यूयॉर्क येथें मुद्दाम बनविलेल्या यंत्रावर त्यांचें संगणकीय रूपांतर झालें आणि २०१९ मध्यें ‘अपोलो ११’ हा अनुबोधपट निघाला.

फिल्म स्वच्छ करणें हा त्यांतल्या त्यांत सोपा भाग. ह्यूस्टनच्या नियंत्रणकक्षांतील चित्रण मुकें; तेथील संभाषण निराळ्याच फितींवर, आणि तेंहि थोडेंथोडकें नव्हे, सुमारें ११,००० तास! कोणत्या क्षणीं कोण काय बोलला, हें ओठांच्या हालचालींवरून आणि चित्रांत दिसणाऱ्या घड्याळांवरून ताडावयाचें. इंग्लंडचे स्टीफन स्लेटर यांनीं हें किचकट काम चिकाटीनें केलें.

अल रायनर्ट यांनीं १९८९ च्या ‘फॉर ऑल मॅनकाइंड’ मध्यें सगळ्या अपोलो-मोहिमा एकाच प्रवासांत गुंफल्या. १९६५ च्या जेमिनी-मोहिमेंतील अवकाशभ्रमणहि त्यांत आलें. पट रमणीय खरा, पण कोणतें दृश्य केव्हांचें, हें पाहणाऱ्यास उमगत नाहीं. मिलर यांनीं एकच मोहीम घेतली. निवेदक नाहीं, आजच्या मुलाखती नाहींत. सारा भार त्या जुळणीवर. चांद्रयान उतरत असतां संगणकाच्या १२०२ या इशाऱ्याचा उच्चार ऐकूं येतो, आणि खिडकीबाहेरची चंद्रभूमि जवळ येतच असते.