असं का? – एका तारेचा एवढा आवाज?

लग्नानंतर जळगाव-धुळ्याकडे गोंधळ घालतात. संबळ घुमत असतानाही तुणतुण्याची एकुलती तार ऐकू येते. कशी?

नुसती ताणलेली तार छेडली तर जेमतेम कुजबुजते. ती बारीक, हवा तिच्या बाजूने निसटते. काडीने वारा घालता येत नाही, त्याला सूपच लागतं. तुणतुण्यातलं सूप म्हणजे नळकांड्याच्या बुडाला ताणून बसवलेलं चामडं. तार त्याच्या मधोमध अडकवलेली. तिथून ती नळकांड्यातून वर दांडीच्या खुंटीपर्यंत जाते. तार थरथरली की चामड्याला भराभर हिसके बसतात, ते आत-बाहेर होतं आणि भरपूर हवा हलवतं. आपण ऐकतो ते मुख्यतः चामडंच!

सुमात्रातल्या बाटक लोकांच्या 'हासापी' या कोरीव वाद्याला दोन तारा. तिथे हवा हलवण्याचं काम चामड्याऐवजी पोकळ लाकडी अंग करतं. लाकूड दिसायला देखणं, पण चामड्याइतकं लवचीक नाही.

चामड्याची खोड मात्र एक आहे. पावसाळ्यात ते ओल धरून सैलावतं, तारेचा ताण घटतो, सूर उतरतो. मग खुंटी पिळावी लागते.

पुढच्या गोंधळात परवानगी घेऊन वाजत्या तुणतुण्याच्या चामड्याला बोट लावून पाहा. आवाज लगेच दबेल.