होहेनआशाउ : एका बव्हेरियन किल्ल्याच्या मालकीहक्काचा इतिहास

प्रास्ताविक :
जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतात, कीमझे सरोवराच्या दक्षिणेस, प्रीन नदीच्या खोऱ्यात होहेनआशाउ हा डोंगरी किल्ला आहे. बाराव्या शतकापासून त्याचे अनेक मालक झाले. परंतु केवळ त्यांच्या नामावलीवरून या इतिहासाचा उलगडा होत नाही; कारण ‘मालकी’ या संज्ञेचा आशयच कालौघात बदलला. प्रस्तुत लेखात हा बदल स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

सरंजामी मालकी :
१३११ मध्ये ड्यूक ओटो तिसरा याने कराच्या मोबदल्यात लोअर बव्हेरियातील सरदार व धर्मसंस्थांना कनिष्ठ न्यायाधिकार दिले. पुढे बव्हेरियात सर्वत्र रुजलेल्या ‘हॉफमार्क’ व्यवस्थेला यामुळे बळ मिळाले. हॉफमार्कचा धनी रयतेकडून खंड व वेठ घेई आणि तिच्या तंट्यांचा निवाडाही करी. गंभीर गुन्ह्यांचा न्याय सामान्यतः राज्यकर्त्याकडे असे. होहेनआशाउचा दर्जा मात्र याहून वरचा होता; तेथील धन्यास देहदंडाचाही अधिकार होता.

चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा किल्ला फ्रायबेर्ग घराण्याकडे आला. या घराण्यातील पांक्राट्झ (१५०८-१५६५) याने लोहउद्योग उभारला. मात्र प्रोटेस्टंट पंथाकडील ओढ्यामुळे त्याने ड्यूक आल्ब्रेश्ट पाचवा याचा रोष ओढवून घेतला. सतराव्या शतकाच्या आरंभी विवाहसंबंधातून ही मालमत्ता प्रायझिंग घराण्याकडे गेली.

१८४८ नंतरचे स्थित्यंतर :
१८४८ च्या कायद्याने जमीनदारांचे न्यायाधिकार शासनाकडे गेले आणि जमिनीवरील देणी रोख रकमेत ठरवून कायमची फेडण्याची मुभा शेतकऱ्यांना मिळाली. धन्याकडे आता इमारत, जमीन व जंगल एवढेच उरले. १८५३ मध्ये प्रायझिंग घराण्याची ही शाखा खुंटली. १८७५ मध्ये न्यूरेंबर्गचे यंत्रउद्योजक थिओडोर फॉन क्रामर-क्लेट यांनी ही मालमत्ता विकत घेतली. त्यांच्या पुत्राने विसाव्या शतकाच्या आरंभी वास्तूचे नूतनीकरण केले. १९४२ मध्ये किल्ला जर्मन राइशला विकण्यात आला. महायुद्धानंतर तो संघराज्याची मालमत्ता झाला व संघीय वित्त प्रशासनातील कर्मचाऱ्यांचे विश्रामगृह म्हणून वापरात आला.

निष्कर्ष :
फ्रायबेर्ग आणि क्रामर-क्लेट या दोघांनाही आपण ‘मालक’ म्हणतो. तथापि पहिल्याची मालकी माणसांवरील सत्तेची होती, तर दुसऱ्याची वस्तूंवरील हक्काची. किल्ल्याच्या भिंती त्याच राहिल्या. पण त्यांच्या आत चालणारा न्याय १८४८ मध्ये बाहेर पडला. त्यामुळे मालमत्तेचा इतिहास लिहिताना ‘ती कोणाची होती?’ याआधी ‘त्या काळी मालकीत नेमके काय मोडत होते?’ हा प्रश्न अभ्यासकाने विचारणे अगत्याचे ठरते.