दाताच्या आत कोण राहतं?

बसा रे पोरांनो. ताई, तूही बस. लग्न तोंडावर आलंय आणि तू नि तुझी आई सकाळपासून त्या ‘स्माइल पॅकेज’च्या कागदावरून हुज्जत घालताय. एका बैठकीत दात पांढरेशुभ्र, तासाभरात काम फत्ते. आई म्हणते दात बिघडतील, तू म्हणतेस तिला काही कळत नाही. आयुष्यभर पोरांना रसायनशास्त्र शिकवलेला म्हातारा घरात बसलाय, त्याला मात्र कुणी विचारत नाही. म्हणून न विचारता सांगतो.

धाकट्या, आत जाऊन एक कच्चा बटाटा आण. आणि आजीने भाजीसाठी उकडून ठेवलेत त्यातला एक. मी औषधाच्या पेटीतून बाटली काढतो. ही बघा, जखम धुवायची हायड्रोजन पेरॉक्साइडची. वर २० व्हॉल्यूम लिहिलंय, म्हणजे साधारण ६ टक्के. दोन्ही बटाट्यांची एकेक चकती कापा आणि त्यांवर चार-चार थेंब सोडा.

कच्च्यावर बघा कसा फेस आला! कान जवळ नेला तर चुरचुर ऐकूही येते. उकडलेल्यावर काहीच नाही, नुसता ओला झाला. कच्च्या बटाट्याच्या पेशींत कॅटलेज नावाचं विकर असतं. ते पेरॉक्साइड फोडून त्याचं पाणी आणि ऑक्सिजन करतं, आणि तो फेस म्हणजे ऑक्सिजनचे बुडबुडे. कॅटलेजचा एकच रेणू सेकंदाला पेरॉक्साइडचे लाखो रेणू फोडतो. उकडलं की ते विकर मोडतं, मग फोडणार कोण?

पण बटाट्याला पेरॉक्साइडशी लढायची तयारी कशाला हवी? कारण ते बाहेरून यावं लागत नाही. श्वसन चालू असलेल्या प्रत्येक पेशीत ते थोडंथोडं तयार होतच असतं. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी तर जंतू मारायला ते मुद्दाम बनवतात. म्हणून जिवंत पेशी त्याचा बंदोबस्त घरातच ठेवते, पण रोजच्या मापाचा. हे ‘रोजच्या मापाचा’ तेवढं लक्षात ठेवा.

हे पेरॉक्साइड लुई जॅक तेनार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८१८ साली पहिल्यांदा तयार केलं. तेव्हा आपल्या तंजावरात सरफोजी राजे गादीवर होते. त्यांच्याकडे मी येतोच. आधी ताईच्या कागदावर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचतो. जेल, ३८ टक्के. म्हणजे या बाटलीतल्या औषधाच्या सहापट कडक.

भाजत नाही का? भाजतं ना! हिरडीला लागलं तर ती पांढरीफटक पडते आणि झोंबते. म्हणून डॉक्टर आधी ओठ ताणून धरणारी चौकट बसवतात, हिरड्यांवर निळसर लेप लावून तो दिव्याने कडक करतात आणि मग पिचकारीने दातांवर जेल पसरतात. पंधरा-वीस मिनिटांनी पुसायचं, पुन्हा लावायचं. दाताचा पृष्ठभाग भाजत नाही, कारण भाजायला तिथे जिवंत काही नाहीच. वरचं इनॅमल वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज, अख्ख्या शरीरातली सगळ्यात कठीण वस्तू.

पण पिवळेपणा इनॅमलवर नसतो, ही खरी मेख आहे. आजीच्या दातांवरचा तांबूस थर पान-सुपारीचा. कुंभकोणमची कोवळी पानं, चुना आणि सुपारी, वर्षानुवर्षं. तो थर बाहेरचा, दंतवैद्य खरवडून काढतात. (सुपारीने तोंडाचा कर्करोग होतो हे आजीला किती वेळा सांगितलं! ऐकते कुठे?) ताईच्या दातांची पिवळसर झाक मात्र इनॅमलच्या खालच्या डेंटीनची. इनॅमल अर्धपारदर्शक असल्याने खालचा रंग वर दिसतो. तो फिका करायचा तर पेरॉक्साइडला आत शिरावंच लागतं. तिथे ते रंगीत रेणूंचे दुहेरी बंध तोडतं, मोठ्या रेणूचे लहान तुकडे होतात आणि रंग फिका पडतो. म्हणजे औषध आत गेलं नाही तर दात पांढरा होणार नाही, आणि गेलं तर ते कुठवर जाईल हे आपल्या हातात नाही. पाण्याच्या रेणूचं वजन १८, पेरॉक्साइडचं ३४. इनॅमलच्या स्फटिकांमधल्या फटींतून ते सहज सरकतं. उपटलेल्या दातांवर १९८७ साली झालेल्या एका प्रयोगात पंधरा मिनिटांतच ते दाताच्या आतल्या पोकळीत सापडलं, आणि दात गरम केल्यावर आणखी जास्त.

त्या पोकळीत कोण राहतं? पल्प, दाताचा गर. लोक त्याला ‘नस’ म्हणतात, पण तिथे नुसती नस नाही. रक्तवाहिन्या आहेत, मज्जातंतू आहेत आणि भिंतीला चिकटून डेंटीन घडवणाऱ्या पेशींची रांग आहे. या पेशी डेंटीन तयार करता करता मागे सरकत येतात आणि प्रत्येकीची एकेक शेपटी डेंटीनमधल्या नळीत राहते. या नळ्या किती? डेंटीनच्या बाहेरच्या कडेला दर चौरस मिलिमीटरमध्ये सुमारे २०,०००, आणि गराजवळ ४५,००० किंवा त्याहूनही जास्त. सगळ्या पाण्याने भरलेल्या.

आपल्या कावेरीच्या मुलखात वाढलेल्याला हे समजायला अवघड जाऊ नये. मेट्टूर धरणाचं पाणी सोडलं की कल्लणैच्या बंधाऱ्यावर ते वाटलं जातं आणि वाहत वाहत शेवटच्या शेताच्या बांधापर्यंत पोचतं. धरणाचा दरवाजा किती उघडला हे शेवटच्या शेतकऱ्याने पाहिलेलं नसतं, त्याला कळतं ते पाटातल्या पाण्याच्या हालचालीवरून. दाताचंही तसंच. स्वीडनच्या मार्टिन ब्रेनस्ट्रोम यांनी १९६०च्या दशकात दाखवलं की बर्फ, वारा किंवा गोड काहीही लागलं तरी नळ्यांतलं पाणी हलतं आणि त्या हालण्याने गरातले मज्जातंतू उठतात. गराला थंड-गरम निराळं सांगता येत नाही. त्याची भाषा एकच, कळ.

व्हाइटनिंग झाल्यावर रात्री विजेचा झटका बसावा तशी जी कळ येते ती गरातून येते. पुष्कळांना येते आणि बहुतेकांची एक-दोन दिवसांत ओसरते. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. पाय मुरगळला तर सुजतो, बोटाला लागलं तर फुगतं. गराला सूज आली तर तो फुगणार कुठे? चारही बाजूंनी हाडापेक्षा कडक भिंत. दाब आतल्या आतच वाढतो.

आता सरफोजी राजे. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात त्यांच्या काळच्या नेत्ररुग्णांचे कागद आहेत आणि त्यांत डोळ्यांची रंगीत चित्रंही काढलेली आहेत. आजार काय, डोळा कसा दिसतो, सगळं नोंदवलेलं. राजे स्वतः वैद्यकात रमणारे, धन्वंतरी महाल त्यांनीच उभारला. मला त्या चित्रांचं फार अप्रूप वाटतं, कारण आधी नीट बघ, लिहून ठेव आणि मग हात लाव, ही रीत त्यांत दिसते. पण डोळा बिचारा उघडा असतो, त्याचं चित्र काढता येतं. दाताच्या गराचं चित्र काढायचं कसं? जिवंत माणसाचा दात फोडून तर बघता येत नाही.

ब्राझीलच्या संशोधकांनी त्यावर वाट काढली. काही लोकांचे दात काही कारणाने उपटायचेच होते. त्यांच्या संमतीने त्या दातांवर आधी ३८ टक्क्यांचं जेल लावलं, दवाखान्यात लावतात तसंच. दोन दिवसांनी दात काढले, पातळ काप केले आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. ही नोंद २०१० साली छापून आली. मागच्या बाजूच्या उपदाढांचा गर धडधाकट होता. खालच्या पुढच्या दातांत मात्र, वरच्या भागातला गर मेलेला आढळला.

हो, तेच जेल, तेवढाच वेळ. फरक भिंतीच्या जाडीचा. खालचे पुढचे दात सगळ्यांत लहान, त्यांचं इनॅमल आणि डेंटीन दोन्ही पातळ, म्हणून आत जास्त पेरॉक्साइड पोचलं. गरातही कॅटलेज आहे, बाकी बंदोबस्तही आहे, पण तो रोजच्या मापाचा. एकदम आलेला लोंढा तो आवरू शकत नाही. आता यावरून व्हाइटनिंग केलेल्या सगळ्यांचे दात मरतात असं समजू नका. तसं होत नाही. निरोगी दाताचा गर बहुधा सावरतो, आतल्या बाजूने नवं डेंटीन चढवून भिंत जाड करतो. पण सावरतो म्हणजे आधी दुखावतो, आणि सगळे दात सारख्या ताकदीचे नसतात, एवढं कळलं तरी पुरे.

आणि जेलवर धरायचा हा निळा दिवा कशाला, म्हणतेस? कागदावर तर मोठ्या अक्षरात छापलाय. आजच्या जेलवर दिव्याचा फायदा फारसा दिसत नाही, असं बऱ्याच अभ्यासांत आढळलंय. उष्णता देणारा दिवा असेल तर उलट काळजी वाढते. झॅक आणि कोहेन यांनी १९६५ साली माकडांच्या दातांवर प्रयोग केला. गराचं तापमान सुमारे साडेपाच अंशांनी वाढवल्यावर १५ टक्के दातांचा गर पुन्हा सावरला नाही. दिव्याला पैसे मोजू नकोस, सरळ नको म्हण.

तरुण दातात गराची पोकळी मोठी असते. वय वाढेल तसं डेंटीन आतून साचत जातं आणि पोकळी आक्रसते. माझ्या वयाला ती सुतासारखी उरते. म्हणजे ज्यांना पांढरे दात हवेत त्यांचाच गर सगळ्यांत जवळ, आणि माझ्यासारख्याला कुणी विचारत नाही! युरोपीय संघाने २०११ साली नियम करून ६ टक्क्यांच्या वरचं पेरॉक्साइड दात पांढरे करण्यासाठी बंद केलं, आणि १८ वर्षांखालच्यांसाठी त्याखालचंही. म्हणून धाकट्या, तू नुसता बघ.

पांढरेच दात सुंदर, हे तरी कुणी ठरवलं? आपल्याकडे सवाष्णी दातवण लावून दात काळे करीत. हिरडा, हिराकस असलं काहीबाही कुटून केलेलं. माझ्या आजीच्या काळ्या दातांचं कौतुक सांगणारी माणसं मी लहानपणी पाहिलीत. असो, हे मी तुला अडवायला सांगत नाही.

तुला करायचंच आहे ना? मग आधी दात साफ करून घे. वरवरचे डाग त्यातच जातील. किडका दात, तडा, फटीतून झिरपणारं जुनं सिमेंट यांसाठी दात तपासून घे, कारण तिथून पेरॉक्साइड थेट आत जातं. डॉक्टरांना घरी लावायच्या साच्याबद्दल विचार. दातांच्या मापाचा तो पातळ साचा, त्यात १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड, म्हणजे हिशेबाने सुमारे साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. ही पद्धत १९८९ पासून चालत आलीय. दोन-तीन आठवडे लागतात, पण निकाल जवळपास तोच आणि कळ कमी. दवाखान्यातच करायचं ठरलं तर खालच्या पुढच्या दातांवर जेल कमी वेळ ठेवता येईल का, एवढं तोंड उघडून विचार. आणि लग्नाच्या आदल्या दिवशी करू नकोस. त्या दिवशीचा थोडा शुभ्रपणा दात वाळल्यामुळे दिसतो, ओलावा परत आला की छटा थोडी उतरते.

आणि तुझा तो वरचा डावा दात, झोपाळ्यावरून पडलीस तेव्हा दुखावलेला. तो बाकीच्यांपेक्षा गडद आहे. त्याला या लेपात घेण्याआधी थंड लावून तपासायला सांग. पिवळट असेल तर आतली पोकळी डेंटीनने बुजून आली असेल. करडा असेल तर गर मेलेला असू शकतो. तो मेला असेल तर वरून कितीही जेल लावलं तरी रंग शेजाऱ्यांशी जुळणार नाही. आधी रूट कॅनाल, मग आतून ब्लीच करावं लागेल, आणि त्याचा खर्च या पॅकेजात धरलेला नाही. मी कागद दोन्ही बाजूंनी वाचलाय.