अडीच फूट

अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात, क्लेटन काउंटीत, हायवे 52 टेकड्यांवरून उतरत गटेनबर्ग गावात येतो. दोन हजारांच्या आतली वस्ती, चुनखडीच्या जुन्या इमारती आणि गावाला लागूनच मिसिसिपीवरचं 10 नंबरचं लॉक आणि धरण.

धरण म्हटलं की आपल्याला कोयना किंवा जायकवाडी आठवतं: साठा, वीज, कालवे. इथे यातलं काही नाही. 1930 च्या दशकात नदीवर अशा धरणांची मालिकाच बांधली गेली, ती मालवाहू बार्ज चालायला किमान 9 फूट खोली मिळावी म्हणून. पूर आला की धरणाची दारं पाण्याबाहेर उचलून नदी मोकळी सोडतात. एरवी धरणामुळे पाण्याला पायरी पडते, आणि ती उतरायला लॉक, म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला पाण्याचा हौद, लागतं.

मी काठावर पोहोचले तेव्हा वरच्या अंगाने एक ताफा येत होता. तीन-तीनच्या पाच ओळी, म्हणजे 15 बार्ज, आणि मागून ढकलणारी टोबोट. एका बार्जमध्ये सुमारे 1,500 टन धान्य मावतं. ताफ्याची रुंदी 105 फूट, लॉकची 110. दोन्ही बाजूंना अडीच-अडीच फूट. कप्तान जवळजवळ हजार फूट मागे. पुढची भिंत त्याला नीट दिसणंही कठीण. सगळ्यात पुढच्या बार्जवर लाइफ जॅकेट घातलेला डेकहँड उभा राहून वॉकीटॉकीवर अंतर सांगत होता: भिंत किती फुटांवर, दार किती फुटांवर. माणूस रमतगमत चालेल त्याहूनही हळू तो ताफा आत सरकत होता. एवढं वजन थांबवायचं तर कितीतरी आधीपासून थांबवत आणावं लागतं.

पण लॉकची लांबी 600 फूटच. म्हणून पहिल्या 9 बार्ज आत घेऊन तिथेच ताफा तोडतात. बार्ज एकमेकींना पोलादी तारांनी आवळलेल्या असतात. डेकहँड रॅचेट सैल करून त्या तारा सोडवतात. टोबोट उरलेल्या 6 बार्ज घेऊन मागे हटते आणि दारं मिटतात. ती मिटताना प्रवाहाकडे टोक करतात, त्यामुळे वरच्या पाण्याचा दाबच त्यांना घट्ट धरतो. पाणी उपसायला पंपही नाही. भिंतींमधल्या बोगद्यांची झडपं उघडली की ते आपोआप खालच्या नदीत जातं. उतार साधारण 8 फुटांचा, वेळ दहा-एक मिनिटं.

मला सगळ्यात गुंतवून ठेवलं ते या दहा मिनिटांनी. भिंतीच्या खुंटाला अडकवलेला दोर डेकहँड पाण्याबरोबर हात-हात सोडत होता. फार सैल सोडला तर बार्ज भरकटतील, अडकला तर भाराने तुटेल, आणि तुटलेला जाड दोर माणसाला जायबंदी करू शकतो. त्याची नजर दोरावरून एकदाही हलली नाही. असं काम पाहताना जवळच्या माणसाशी बोलावंसंही वाटत नाही.

खालची दारं उघडली. या 9 बार्जना स्वतःचं इंजिन नाही, म्हणून काठावरचं विंच त्यांना बाहेर ओढतं आणि डेकहँड त्या भिंतीला बांधून ठेवतात. मग लॉक पुन्हा भरायचं, उरलेल्या 6 आणि टोबोट आत घ्यायच्या, पुन्हा उतरवायचं, आणि बाहेर सगळ्या तारा परत आवळायच्या. एका ताफ्याला दीड तास सहज जातो. धरणाखालच्या फेसात पांढरे पेलिकन मासे टिपत होते. हायवेवरून गाड्या जात होत्या. एका बार्जमधलं धान्य रस्त्याने न्यायला साठ-एक ट्रक लागतील, हे गाडीतून जाताना कुणाला दिसणार?

नंतर याच काउंटीतल्या पाइक्स पीक स्टेट पार्कमध्ये गेले. 500 फूट उंचीच्या कड्यावरून विस्कॉन्सिन नदी मिसिसिपीला मिळताना दिसते; 1673 मध्ये मार्केट आणि जोलिए हे फ्रेंच शोधप्रवासी याच मुखातून मोठ्या नदीत आले. नकाशात एकच निळी रेघ असते. वरून पाहिलं तर बेटं, दलदली, फाटे, आणि त्यांच्यामधून बार्जची अरुंद वाट.

ताफा न तोडता एकदम पार व्हावा म्हणून 2007 साली अमेरिकन काँग्रेसने 1,200 फुटांच्या सात नव्या लॉकना मंजुरी दिली, पाच मिसिसिपीवर इथून बरीच खाली आणि दोन इलिनॉय नदीवर. 10 नंबर त्या यादीत नाही. गटेनबर्गला ताफे यापुढेही असेच तोडावे आणि जोडावे लागणार आहेत.